सातबाऱ्याचा सात डिसेंबर
वाचकांचे प्रश्न, हिशेबवाल्या ताईंची उत्तरं

मागच्या अंकात संपादकांनी एक्सेलबद्दल, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाच्या वहीबद्दल, एक छोटी चौकट छापली होती: ‘एक्सेल शिकताना कुठे अडलंय? लिहून पाठवा.’ मला वाटलं, चार पत्रं येतील. टपालाने, व्हॉट्सॲपवर आणि एक तर शेवेच्या पुडक्याच्या कागदावर लिहून, अशी बरीच आली. त्यातली आठ घेतली आहेत.

माझ्याबद्दल थोडं. मी भुसावळची. सत्तावीस वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिले. सुरुवातीची वर्षं लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत, पुढची संगणकावर. आता दुपारी चार वाजता घरीच बचत गटाच्या बायकांना शिकवते. फॉर्म्युल्यातली, म्हणजे बरोबरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या सूत्रातली, अक्षरं इथे मराठीत छापली आहेत. तुम्ही मात्र ती इंग्रजीतच टाइप करायची. आकडेही इंग्रजी कीबोर्डानेच टाका. नावं, गावं, शेरे मराठीत खुशाल लिहा.

रावेर तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे सचिव लिहितात: ताई, सभासदांची यादी करतोय. गट नंबरच्या रकान्यात ११२/३ लिहिलं तर तसंच राहतं, पण १२/३ लिहिलं की ‘१२-मार्च’ होतं. एका ठिकाणी गमतीने ७/१२ लिहून पाहिलं, तर सातबाऱ्याचा सात डिसेंबर झाला! फॉरमॅट बदलून ‘टेक्स्ट’ केलं तर ४५९९८ असा भलताच आकडा आला. मशीन बिघडलं का?

भाऊ, मशीन ठणठणीत आहे. त्याला तलाठी कार्यालय माहीत नाही, एवढंच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. एक्सेलला मधे तिरकी रेघ असलेले दोन छोटे आकडे दिसले की ते म्हणतं, तारीख आली. ११२ तारीख कुठल्याच महिन्यात नसते, म्हणून तो गट वाचला.

आता ४५९९८ कुठून आला? हे नीट समजून घ्या, कारण निम्मी पत्रं याच आजाराची आहेत. चौकटीत दिसतं ते वेगळं आणि चौकटीत असतं ते वेगळं. एक्सेल तारीख म्हणून तारीख ठेवतच नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून ते दिवस मोजत येतं आणि तो मोजलेला आकडा ठेवतं. ७ डिसेंबर २०२५ हा त्या मोजणीतला ४५,९९८ वा दिवस. वर्ष तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून त्याने चालू वर्ष आपल्या मनाने लावलं. ‘७-डिसेंबर’ हा त्या आकड्याला नेसवलेला कपडा. तुम्ही ‘टेक्स्ट’ करून कपडा काढलात, आत होतं ते दिसलं. तुमचं ७/१२ त्या चौकटीत आता नाहीच.

(त्या मोजणीत एक जुनी चूकही आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० धरतं. आधीच्या लोटस वन-टू-थ्री या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून इथेही तशीच ठेवली. सोसायटीच्या दप्तरात जुनी शिल्लक पुढे ओढतात, तसंच.)

उपाय टाइप करायच्या आधीचा आहे. गट नंबरचा अख्खा रकाना निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, ‘टेक्स्ट’ निवडा, मग लिहा. एखाद-दुसरीच नोंद असेल तर आधी वरचा एकेरी अवतरणाचा टिंब द्या, म्हणजे '१२/३ असं. तो टिंब चौकटीत दिसत नाही, पण एक्सेलला कळतं की हे जसंच्या तसं ठेवायचं.

आणि जे आधीच बिघडलंय? शेजारच्या रिकाम्या रकान्यात =टेक्स्ट(सी२,"डी/एम") लिहा (सी२ म्हणजे सी रकान्यातली दुसऱ्या ओळीतली चौकट) आणि चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा. तारखेतून दिवस आणि महिना पुन्हा १२/३ (किंवा १२-३) असा बाहेर येईल. तुमच्या संगणकावर आधी दिवस, मग महिना अशी मांडणी आहे, म्हणून हे चालेल. अमेरिकन मांडणी असती तर सातबाऱ्याचा बारा जुलै झाला असता आणि सूत्र उलटं, ‘एम/डी’, लिहावं लागलं असतं. तरी प्रत्येक नंबर उताऱ्याशी ताडून बघा. एका गटाचं कर्ज दुसऱ्या गटावर चढलं तर ते निस्तरायला एक्सेल येणार नाही.

याच आजाराची दुसरी बाजू सांगते, कारण सोसायटी म्हटली की बँकेचे खातेनंबर आलेच. एक्सेल आकड्याचे पहिले पंधराच अंक धरून ठेवतं. सोळा अंकी खातेनंबर आकडा म्हणून टाकला तर शेवटच्या अंकाचा शून्य होतो, आणि वर दिसताना मधे ‘ई’ घुसलेलं काहीतरी विचित्र दिसतं. फॉरमॅट बदलून तो सोळावा अंक परत येत नाही, तो गेला. नंबराच्या सुरुवातीचा शून्यही असाच गिळला जातो. म्हणून माझा नियम असा: ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही, तो आकडा नाहीच. खातेनंबर, मोबाइल, गट नंबर, पिनकोड हे सगळे ‘टेक्स्ट’.

शिरपूरहून बचत गटाच्या अध्यक्षा: आमचा उडदाच्या पापडांचा गट आहे. सेल, रो, कॉलम, शीट, वर्कबुक हे शब्द कानावरून जातात, डोक्यात राहत नाहीत. सोप्या भाषेत सांगाल का?

पापडाचंच घेऊ. गच्चीवर खाटेवर पापड वाळत घातलेत. आडवी रांग म्हणजे रो, आपली ओळ. तिला १, २, ३ असे नंबर. उभी रांग म्हणजे कॉलम, आपला रकाना. त्याला ए, बी, सी अशी अक्षरं. एक पापड म्हणजे सेल. तिसऱ्या ओळीतला बी रकान्यातला पापड म्हणजे बी३, हा त्याचा पत्ता. अख्खी खाट म्हणजे शीट. तुमच्या गच्चीवर एप्रिलची एक खाट, मेची एक खाट अशा खाटा असतील, तर ती गच्ची म्हणजे वर्कबुक. फाइल म्हणून जिला नाव देऊन सेव्ह करतो ती गच्ची.

खाट मात्र मोठी आहे हो. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने. २००७ च्या आधीच्या एक्सेलमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ च रकाने होते. आपल्या गटाला तेही पुरले असते.

सुरुवात करताना पहिल्या ओळीत फक्त मथळे लिहा: तारीख, सभासद, किलो, दर, रक्कम, शेरा. दुसऱ्या ओळीपासून नोंदी, एका ओळीत एकच विक्री. बायका पहिल्या दिवशी काय करतात, तर वरच्या चार चौकटी मर्ज, म्हणजे एकत्र, करून गटाचं नाव मोठ्ठं लिहितात, रंग देतात, मधे एकेक ओळ रिकामी सोडतात. लग्नपत्रिकेला शोभेल. पुढे क्रम लावायला गेलं की त्या मर्ज केलेल्या चौकटी आणि रिकाम्या ओळीच आडव्या येतात. नटवायचंच असेल तर शेवटी नटवा.

आणि ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फ्रीझ टॉप रो’ दाबून ठेवा. यादी कितीही खाली गेली तरी मथळे वर दिसत राहतात.

धुळ्याचा एक विद्यार्थी: वडिलांच्या कापसाच्या वजनांची बेरीज ३१ यायला हवी, १९ येते. कॅल्क्युलेटरवर बरोबर येते. फॉर्म्युला =सम(बी२:बी६) बरोबर आहे ना?

फॉर्म्युला बरोबर आहे. बी४ मध्ये तू ‘१२ क्विं.’ असं लिहिलं असणार. ३१ मधून १२ गेले की १९ उरतात, त्यावरून म्हणते. अक्षर लागलं की ती चौकट शब्द झाली, आणि सम शब्दांना मुकाट्याने वगळतं. ओरडत नाही, हेच वाईट. तू =बी२+बी३+बी४ असं अधिक चिन्हाने लिहिलं असतंस तर ‘व्हॅल्यू’ची चूक दाखवून ते थांबलं असतं.

शब्द आणि आकडा ओळखायची साधी खूण आहे. तू स्वतः काही हलवलं नसेल तर आकडे चौकटीच्या उजव्या कडेला टेकतात, शब्द डाव्या कडेला. नवी फाइल हातात आली की मी आधी रकान्याच्या कडेवरून नजर फिरवते. मधेच एखादा डावीकडे सरकलेला दिसला की तो चोर. तारखांनाही हेच. अमेरिकन मांडणीच्या संगणकावर १३/०४/२०२५ लिहिलंस तर तेरावा महिना नाही म्हणून ते डावीकडे शब्द होऊन बसतं. आणि ०५/०४/२०२५ मात्र ४ मे म्हणून गुपचूप आत शिरतं. पहिलं निदान दिसतं तरी.

एकक मथळ्यात लिही: ‘वजन, क्विंटल’. चौकटीत नुसता आकडा.

यावलहून एक केळी बागायतदार: बी मध्ये वजन, सी मध्ये भाव, आणि एच१ मध्ये क्विंटलमागे हमाली १२ रुपये लिहिली आहे. =बी४*सी४-बी४*एच१ लिहिलं तर पहिल्या गाडीचं बरोबर येतं. खाली ओढलं की पुढच्या गाड्यांना हमालीच लागत नाही. व्यापाऱ्याला आवडेल, हमालांना नाही!

हमालांच्या आधी मलाच राग आला असता. तुमची पहिली गाडी: ८४ क्विंटल, भाव १,४५०, म्हणजे १,२१,८००. हमाली १,००८ वजा, हातात १,२०,७९२. बरोबर.

आता एक्सेल फॉर्म्युला खाली ओढताना काय करतं? ते ‘बी४’ हा पत्ता पाठ करत नाही. ते लक्षात ठेवतं ‘माझ्याच ओळीतलं वजन’. म्हणून एक ओळ खाली गेलं की बी४ चं बी५ होतं, सी४ चं सी५ होतं. हे आपल्याला हवंच आहे. पण त्याच हिशेबाने एच१ चं एच२ होतं, आणि एच२ रिकामी. रिकाम्या चौकटीची किंमत शून्य, म्हणून हमाली शून्य.

हमाली एकाच जागी खुंट्याला बांधायला हवी. खुंटा म्हणजे डॉलरचं चिन्ह: =बी४*सी४-बी४*$एच$१. अक्षराआधी डॉलर म्हणजे रकाना बांधला, आकड्याआधी डॉलर म्हणजे ओळ बांधली. रुपयाच्या हिशेबात डॉलर कुठून आला, असं माझ्या वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतंच. त्याचा पैशाशी संबंध नाही, नुसती खूण आहे. फॉर्म्युला लिहिताना एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबलं तर दोन्ही डॉलर आपोआप लागतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही दाबावं लागतं.

तुम्ही हमाली वेगळ्या चौकटीत लिहिलीत याबद्दल मात्र शाबासकी. पुष्कळ जण फॉर्म्युल्यातच १२ कोंबतात. उद्या हमाली १४ झाली की दोनशे ओळींत शोधत बसतात. तुम्हाला एकच आकडा बदलायचाय, सगळ्या गाड्या आपोआप बदलतील. पण मग जुन्या गाड्यांचाही हिशेब नव्या हमालीने होईल, हे ध्यानात ठेवा. दर बदलला की नवं शीट घ्या, नाहीतर हमालीचा रकानाच वेगळा करा.

एक वाचक, पारोळा: रक्कम लिहिली की चौकटीत नुसते ######## येतात.

रकाना अरुंद आहे. वर दोन अक्षरांच्या मधल्या रेघेवर डबल क्लिक करा, रुंद होईल. आकडा आत सुखरूप आहे.

चोपड्याहून एका दुकानदार ताईंचा प्रश्न: उधारीची यादी नावाच्या क्रमाने लावली आणि सगळ्यांची उधारी भलत्याच नावांसमोर गेली. आता काय करू?

फाइल अजून उघडी असेल तर कंट्रोल झेड दाबा, दाबत राहा, यादी पहिल्यासारखी होईल. सेव्ह करून बंद केली असेल तर मात्र जुनी प्रत शोधा, किंवा वही.

रागावत नाही, कारण हेच पाप मी केलंय. २००४ च्या दिवाळीआधी जिनिंगमधल्या मजुरांच्या उचलीची यादी माझ्याकडे होती, साठेक नावं. मी नावांचा रकाना निवडला आणि क्रमाचं बटण दाबलं. एक्सेलने विचारलं होतं, शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे का? मला घाई. मी ‘आहे त्यातच चालू ठेवा’ हा दुसरा पर्याय दाबला. नावं अ ते ज्ञ लागली, उचलीचे आकडे जागच्या जागी राहिले. कागद छापला, पगार वाटायला बसले. कापूस ओढणाऱ्या एक आजी, सही येत नव्हती, अंगठा लावायच्या. पाकीट मोजून म्हणाल्या, “पोरी, म्या पाचशे उचलले व्हते, तू तीन हजार कापले.” साठ जणांत पहिल्या बोलल्या त्या. त्यांच्याआधी अकरा जण पाकीट घेऊन गेले होते, त्यांतल्या काहींना जास्तच मिळालं होतं आणि ते साहजिकच गप्प होते. संध्याकाळी कच्च्या वहीवरून सगळं पुन्हा लावलं.

तेव्हापासून मी रकाना निवडतच नाही. यादीतल्या कुठल्याही एका चौकटीत कर्सर ठेवते आणि मग क्रम लावते. यादीत रिकामी ओळ किंवा रिकामा रकाना नसेल तर एक्सेल पूर्ण यादी स्वतः ओळखतं. तो प्रश्न आलाच तर पहिला पर्याय, ‘एक्सपांड’वाला. आणि पहिल्या रकान्यात १, २, ३ असा अनुक्रमांक लिहून ठेवा, फॉर्म्युल्याने नाही, हाताने. यादी कशीही फिरवली तरी त्या नंबरावर क्रम लावला की मूळ जागी येते.

तुम्हाला बहुतेक क्रम नकोच आहे, फिल्टर हवा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकत्र दाबा, मथळ्यांवर बाण येतील. बाणातून एक नाव निवडलं की तेवढ्याच ओळी दिसतात, बाकीच्या लपतात. लपतात फक्त, जात नाहीत. बेरीज करताना जपून: साधी सम लपलेल्यांनाही धरते. दिसणाऱ्यांचीच बेरीज हवी तर =सबटोटल(९,डी२:डी२००).

अमळनेरहून एक निवृत्त शिक्षक: रोजमेळ आणि खतावणी लिहिणाऱ्या पिढीचा मी. तुमचं हे एक्सेल म्हणजे आमचीच आडव्या-उभ्या रेघांची वही ना? मग एवढा गाजावाजा कशाचा?

सर, वही तुमचीच. फरक खोडरबराचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी बघितलं की फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की प्राध्यापकांना त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात. हे आपोआप व्हावं म्हणून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्याबरोबर व्हिसिकॅल्क केलं. १९७९ साली ते ॲपल टू या संगणकावर आलं. मग १९८३ साली लोटस वन-टू-थ्री, आणि १९८५ साली एक्सेल, तेही आधी मॅकिंटॉशवर. विंडोजवर ते १९८७ साली आलं.

पण एका गोष्टीत तुमची वही सरस आहे आणि हे मी वर्गात सांगते. वहीत चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारून बाजूला सही करायची पद्धत होती. जुना आकडा खाली वाचता यायचा. एक्सेलमध्ये नवा आकडा जुन्याच्या छातीवर बसतो, आणि फाइल बंद झाली की जुन्याचा मागमूस नाही. म्हणून मी दर शनिवारी फाइलच्या नावात तारीख घालून वेगळी प्रत ठेवते. आणि कुठलाही आकडा पटला नाही तर चौकटीकडे न बघता वरच्या फॉर्म्युला बारकडे बघते. चौकटीत १,२१,८०० दिसेल. वर बारमध्ये कळेल की तो गुणाकाराने आलाय की कुणी बोटांनी टाइप केलाय. तुम्ही मुलांची गणितं तपासताना उत्तर आधी बघायचात की पायऱ्या?

साक्री तालुक्यातून एका तरुणाचा व्हॉट्सॲप: ताई, मन्हाजोडे कॉम्प्युटर नही शे. मोबाईलवर व्हई का?

व्हई, भाऊ. गूगल शीट्स फुकट आहे, जीमेल असलं की पुरे. वर सांगितलेलं बेरीज, डॉलर, फिल्टर सगळं तिथे चालतं. लिहायची पट्टी खाली येते, एवढाच फरक, आणि डॉलर हाताने टाइप करावा लागतो. फॉर्म्युला लिहायचा तर चौकटीवर दोनदा टिचकी मार, आधी बरोबरचं चिन्ह दे, मग लिही. चिन्ह विसरलास तर ते नुसतं वाक्य होऊन बसेल. शेतात रेंज नसते, म्हणून घरून निघायच्या आधी त्या फाइलच्या तीन टिंबांवर दाबून ‘ऑफलाइन’ चालू करून ठेव. पहिली दहा ओळींची यादी झाली की स्क्रीनशॉट पाठव, उजवी-डावी कड मी बघते.